शहराचा आराखडा सगळ्यांनी मिळून: संगणकी साधनं पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

रस्ता, चौक, बाग, नदीकाठ अशी एखादी जागा नव्याने आखायची ठरली की कोणीतरी हमखास म्हणतं, "एक ॲप करू या, लोक त्यावर सूचना देतील." लोक देतातही. मग त्या सूचना एका फाइलमध्ये पडून राहतात आणि आराखडा आधीच ठरला होता तसाच होतो. दोष ॲपचा नसतो. सूचना घ्यायची सोय केलेली असते, तिचं पुढे काय करायचं याची नसते.

म्हणून या लेखात भर एकाच गोष्टीवर आहे: प्रत्येक सूचनेला पहिल्या दिवशी क्रमांक द्यायचा आणि निर्णयाच्या कागदावर तो क्रमांक दिसेपर्यंत तिचा माग सोडायचा नाही. हजारो सूचनांचा असा माग ठेवणं माणसाला एकट्याने झेपत नाही, संगणकाला सहज झेपतं. त्रिमितीय चित्रं, सिम्युलेशन वगैरे त्यानंतर.

तुमचा गट लहान आहे असं धरतो: काही रहिवासी, एखादा वास्तुकलेचा विद्यार्थी, संगणकाची बऱ्यापैकी सवय असलेलं एखादं माणूस. जागाही लहान, समजा एक किलोमीटरचा रस्ता. पहिल्याच खेपेला अख्ख्या शहराच्या मागे लागू नका. खाली आलेली बहुतेक साधनं मुक्त स्रोत आहेत, कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी, म्हणजे सुरुवातीला पैशांपेक्षा वेळच जास्त लागेल.

पायरी १: काय बदलू शकतं आणि कोण ठरवणार

संगणक उघडण्याआधी एका पानावर तीन गोष्टी लिहा. इथे काय बदलता येईल: पार्किंग, फुटपाथची रुंदी, झाडं, बसथांबा. काय अजिबात बदलणार नाही: जमिनीखालची मुख्य जलवाहिनी, हद्द, मंजूर झालेला निधी. आणि शेवटची सही कोणाची. हे पान सगळ्यांना दिसेल असं ठेवा. "तुम्हाला कसं शहर हवं?" हा प्रश्न ऐकायला गोड आहे, पण उत्तरात मेट्रोपासून मोकाट कुत्र्यांपर्यंत सगळं येतं आणि ज्याच्या हातात फक्त फुटपाथ आहे तो अधिकारी हात वर करतो.

अमेरिकेतल्या शेरी अर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना नुसतं झुलवणं, टोकाला लोकांच्या हातात खरी सत्ता. माहिती देणं आणि मत विचारणं या मधल्या पायऱ्या त्यांनी दिखाऊ सहभागात धरल्या. ही शिडी आजही उपयोगी आहे, कारण वेबसाइट कितीही चकचकीत असली तरी पायरी बदलत नाही. तुम्ही नुसतं मत विचारणार असाल तर तसं स्पष्ट सांगा, लोक समजून घेतात. मत विचारायचं आणि "निर्णय तुमचाच" म्हणायचं, असं केलंत तर पुढच्या खेपेला कोणी फिरकणार नाही.

सही करणाऱ्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: प्रत्येक सूचनेला, निदान सूचनांच्या प्रत्येक गटाला, कारणासह उत्तर मिळेल आणि ते अमुक तारखेपर्यंत मिळेल. हे लिहून मिळत नसेल तर पुढच्या पायऱ्यांवर घाम गाळायचा की नाही ते आत्ताच ठरवा.

पायरी २: पायाचा नकाशा

नकाशा कोरा असेल तर चर्चाही हवेतच राहते. नैरोबीतली किबेरा ही मोठी वस्ती २००९ पर्यंत सार्वजनिक नकाशांवर जवळपास रिकामी जागा होती. त्या वर्षी तिथल्याच तरुणांनी हातात जीपीएस घेऊन गल्ल्या, पाण्याचे नळ, शौचालयं, दवाखाने यांची नोंद केली आणि ती ओपनस्ट्रीटमॅपवर चढवली. नळ कुठे आहे हे सगळ्यांसमोर नकाशावर आलं की "तिथे पाणी आहेच" असं कोणालाही ठोकून देता येत नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेला, कोणालाही दुरुस्त करता येणारा जगाचा नकाशा आहे. खातं उघडा, आपला रस्ता शोधा आणि ब्राउझरमधल्याच आयडी नावाच्या संपादकात काय काय नाही ते पाहा. बहुधा रस्त्याची रेषा असेल, पण फुटपाथ आहे का, कडा किती उंच आहे, दिवे आहेत का, चाकाची खुर्ची जाऊ शकते का, हे नसेल. ते भरा. दोन नियम पाळा. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून काहीही उतरवून घेऊ नका, तो परवान्याचा भंग आहे. आणि जे जागेवर प्रत्यक्ष आहे तेवढंच टाका. "इथे बाग हवी" ही इच्छा झाली, तिची जागा तुमच्या स्वतःच्या थरात, म्हणजे मूळ नकाशावर वेगळ्या ठेवलेल्या माहितीत. हा नकाशा वापरताना ओपनस्ट्रीटमॅपचं नाव द्यावं लागतं, आणि त्यातली माहिती सुधारून प्रसिद्ध केलीत तर ती त्याच खुल्या परवान्याखाली द्यावी लागते.

आता क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. क्विकओएसएम हे त्याला जोडायचं छोटं साधन (प्लगइन) ओपनस्ट्रीटमॅपमधले हवे तेवढे रस्ते आणि इमारती उतरवून देतं. सुरुवातीला बटणांची गर्दी पाहून छाती दडपते. तुम्हाला त्यातली मोजकीच लागतील: थर जोडणं, रंग देणं, तक्ता उघडणं, मोजमाप, छपाई.

मोजमापाशी मात्र जरा थांबा. ब्राउझरमधले बहुतेक नकाशे वेब मर्केटर नावाच्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायच्या एका पद्धतीत, असतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जाल तसा आकार फुगतो. ६० अंशांवर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं, २० अंशांवरही क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के जास्त भरतं. बागेचं क्षेत्रफळ असं मोजून सभेत सांगितलंत आणि एखाद्या अभियंत्याने ते खोडून काढलं, तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. उपाय सोपा आहे. मोजताना यूटीएम प्रक्षेपण वापरा. त्यात पृथ्वीचे ६० पट्टे केलेले आहेत. पूर्व रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि १ मिळवा, की पट्टा मिळतो. नैरोबीचा रेखांश ३६.८ पूर्व, म्हणजे पट्टा ३७. क्यूजीआयएसमध्ये तो शोधायचा सांकेतिक क्रमांक उत्तर गोलार्धात ३२६ आणि दक्षिण गोलार्धात ३२७ ने सुरू होतो, पुढे पट्टा. नैरोबी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून ३२७३७.

पायरी ३: जागेवरची पाहणी

लोकांना मत विचारण्याआधी आहे ती स्थिती मोजा. नाहीतर सभेत अर्धा वेळ "फुटपाथ आहे" आणि "कुठे आहे?" यातच जातो.

यासाठी ओडीके किंवा त्याच घराण्यातलं कोबोटूलबॉक्स वापरा. प्रश्नावली एका स्प्रेडशीटमध्ये लिहायची, ती मोबाइलवर उतरवायची आणि नेटवर्क नसतानाही भरायची. जोडणी मिळाली की नोंदी आपोआप वर जातात. प्रश्नाचं उत्तर बिंदू, रेषा किंवा क्षेत्र म्हणूनही घेता येतं. आधीच क्यूजीआयएसमध्ये काम करत असाल तर क्यूफील्ड या ॲपमुळे तोच नकाशा मोबाइलवर नेता येतो.

फॉर्म छोटा ठेवा. "फुटपाथची अवस्था: चांगली, बरी, वाईट" असा प्रश्न विचारलात तर पाच स्वयंसेवकांच्या पाच तऱ्हा होतील. त्याऐवजी मोजता येईल असं विचारा: मोकळी रुंदी किती सेंटिमीटर, अडथळा कशाचा, कडा पावलापेक्षा उंच का. एक फोटो सक्तीचा ठेवा, कारण नंतर शंका आली की तोच कामी येतो. वेळेची नोंद ॲप करतंच, पण पाहणी सकाळी, दुपारी आणि अंधार पडल्यावर अशी तीनदा करा. दुपारी मोकळा दिसणारा रस्ता संध्याकाळी वेगळाच असतो.

मोबाइलच्या जीपीएसवर फार भिस्त ठेवू नका. मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंतची अचूकता मिळते; उंच इमारतींच्या मधे सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि बिंदू रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडतो. फुटपाथ डावा की उजवा हे नोंदवायचं असेल तर तो वेगळा प्रश्न म्हणून विचारा, बिंदूवरून ओळखायला जाऊ नका. नोंदी आल्यावर नकाशा पूर्ण लहान करून एकदा पाहा. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात ठिपका दिसला तर ती शून्य अक्षांश, शून्य रेखांशाची नोंद आहे, म्हणजे स्थान भरायचं राहिलं. सगळेच ठिपके भलतीकडे गेले असतील तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे: जिओजेसन या फाइलप्रकारात रेखांश आधी येतो, माणसं मात्र अक्षांश आधी लिहितात.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी दोन खास सापळे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर मराठी मजकुराची बरेचदा अगम्य चिन्हं होतात. डेटा मेनूतून फाइल आयात करा आणि यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा. दुसरा सापळा शेपफाइलचा. हा नकाशांचा फाइलप्रकार जुना आहे, सगळीकडे चालतो, म्हणून कार्यालयातून हमखास तोच मागतात. पण त्यात स्तंभाच्या नावाला १० बाइट आणि मजकुराच्या खान्याला २५४ बाइट एवढीच जागा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि अनुस्वार धरून. म्हणजे साधारण ८४ चिन्हांनंतर माणसाचं म्हणणं वाक्याच्या मध्येच तुटतं, आणि ते तुटलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मूळ प्रत जिओपॅकेज या नव्या फाइलप्रकारात ठेवा आणि शेपफाइल मागितलीच तर ती वेगळी काढून द्या.

पायरी ४: सूचना गोळा करणं

आता लोकांकडे जायचं. नकाशावर ठिपका ठेवून मत घेणारी साधनं बरीच आहेत. फिनलंडच्या विद्यापीठीय संशोधनातून आलेलं मॅप्शनेअर हे विकत घ्यायचं साधन आहे. कोबोटूलबॉक्सचा वेब फॉर्म फुकटात बरंच काम भागवतो. यूमॅप हे नकाशा दाखवायला छान आहे, पण सूचना गोळा करायला सगळ्यांसाठी खुलं ठेवू नका: ज्याला ठिपका टाकता येतो त्याला दुसऱ्याचा पुसताही येतो.

प्रश्न इच्छेचे नकोत, सवयीचे हवेत. "तुम्हाला सायकलमार्ग हवा का?" याला कोण नाही म्हणेल? "काल या रस्त्यावरून कुठून कुठे गेलात, रेषा काढा", "अंधार पडल्यावर टाळता अशी जागा दाखवा", "मुलाला एकट्याने कुठपर्यंत पाठवता?" अशा प्रश्नांतून जे कळतं ते हो-नाहीतून कळत नाही. बोटाने मोबाइलवर ठेवलेला ठिपका बराच सरकतो, म्हणून नकाशा पुरेसा मोठा केल्याशिवाय ठिपका ठेवूच देऊ नका आणि जवळची खूण शब्दांत लिहायला सांगा. नकाशा वाचता न येणारे लोक आपल्याला वाटतात त्याहून खूप जास्त आहेत. उपग्रहचित्राचा पर्याय दिला तर त्यांतल्या बऱ्याच जणांना आपलं छप्पर ओळखू येतं.

आणि कागद. कागदाला संगणकाचा शत्रू समजू नका. मोठा नकाशा छापा, त्यावर चौकटींचं जाळं आखा, प्रत्येक प्रतीला क्रमांक द्या आणि जिथे लोक आपणहून थांबतात तिथे टेबल मांडा: बसथांबा, शाळेचं फाटक, दवाखान्याबाहेरची रांग. कागदावरची प्रत्येक खूण स्वयंसेवकाने त्याच ऑनलाइन फॉर्ममधून भरायची, फक्त "कुठून आली" या रकान्यात "कागद" लिहायचं. म्हणजे दोन वेगळे ढीग होत नाहीत.

कागद का हवाच, याचं नेहमीचं उदाहरण बॉस्टनचं. तिथे स्ट्रीट बंप नावाचं ॲप निघालं. गाडीत ठेवलेल्या मोबाइलला धक्का बसला की खड्ड्याची नोंद आपोआप होणार. कल्पना हुशारीची, पण स्मार्टफोन आणि गाडी ज्या वस्त्यांत जास्त, तिथलेच खड्डे जास्त दिसणार, हे उघड होतं. शहर प्रशासनाने ही मेख ओळखून ॲप आधी आपल्या रस्ते-निरीक्षकांच्या गाड्यांत वापरलं, कारण ते सगळ्याच भागांत फिरतात. तुमच्याकडे निरीक्षक नसतील, पण एक तक्ता ठेवता येईल: कोण बोललं आणि कोण अजून बोललं नाही. वय, स्त्री-पुरुष, इथे राहतात की काम करतात की नुसते जातात, कोणत्या वेळी. हा तक्ता दर आठवड्याला पाहा आणि रिकाम्या रकान्यातल्या माणसांकडे स्वतः जा. मुदत वाढवून काही होत नाही. तेच लोक पुन्हा लिहितात.

खाजगीपणाबद्दल थोडक्यात. नाव आणि फोन सूचनेच्या फाइलमध्ये ठेवू नका. वेगळ्या फाइलमध्ये, कुलूपबंद. फोटोच्या आत स्थान दडलेलं असतं, प्रसिद्ध करण्याआधी ते काढा. कोणी घरापासूनचा रोजचा मार्ग काढून दिला तर त्याची दोन्ही टोकं छाटूनच दाखवा. घराचं स्थान दाखवावंच लागलं तर अक्षांश-रेखांशांचे दशांश कमी करा: पाच दशांश म्हणजे साधारण एक मीटर, तीन दशांश म्हणजे सुमारे १०० मीटर.

पायरी ५: छाननी

हीच पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. एक तक्ता करा. त्यातले रकाने असे: क्रमांक, तारीख, कुठून आली, स्थान, मूळ शब्द, विषय, स्थिती, उत्तर, कारण, आराखड्यातलं पान. सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीला लांबलचक ओळख देतंच, पण माणसांना तोंडपाठ राहील असा छोटा क्रमांकही द्या, जसं "र-०४१", आणि तो सूचना देणाऱ्याला लगेच कळवा. "मूळ शब्द" या रकान्याला कोणीही हात लावायचा नाही. शुद्धलेखन, शिव्या, काहीही असो. सारांश हवा तर शेजारी नवा रकाना करा.

विषय ठरवताना आधी शंभर-एक सूचना दोघांनी स्वतंत्रपणे वाचून वर्ग पाडा आणि मग ताडून पाहा. जिथे तुमचं जुळत नाही तिथे वर्गच धूसर आहेत. त्यानंतर हवं तर यंत्राची मदत घ्या. भाषिक प्रारूपं (चॅटजीपीटीसारखी) मोठा ढीग झटपट लावून देतात, पण गुळगुळीत सारांश करताना एकट्या माणसाचं वेगळं म्हणणं गिळून टाकतात, आणि "वा, काय छान खड्डा ठेवलाय" यातली तिरकस खोच त्यांना कळेलच असं नाही. म्हणून सारांशातल्या प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या क्रमांकांवरून आलं हे लिहायला लावा आणि त्यातले काही क्रमांक उघडून तपासा. चाळीस वेळा आलेली पार्किंगची तक्रार आणि एकदाच आलेली "उतार नाही म्हणून मी घराबाहेर पडत नाही" ही सूचना, यांचं वजन मोजणीने ठरत नाही.

एकाच माणसाने पन्नास नोंदी केल्या असतील तर त्या खोडू नका, पण एकत्र बांधा. एका मोबाइलवरून आलेल्या चार सूचना मात्र चार वेगळ्या माणसांच्या असू शकतात. घरात एकच फोन असणं ही लबाडी नव्हे.

ठिपके दाट तिथे रंग गडद करणाऱ्या लाल-पिवळ्या धगधगत्या नकाशांबद्दल (हीटमॅप) माझं मत फारसं चांगलं नाही. प्रत्येक ठिपक्याचा रंग पसरायची त्रिज्या १०० मीटर ठेवा की ३००, चित्र पार बदलतं आणि बघणाऱ्याला ते कळत नाही. शिवाय जिथे माणसं जास्त तिथे ठिपकेही जास्त, यापलीकडे असा नकाशा बरेचदा काही सांगत नाही. साधे ठिपके दाखवा, विषयानुसार रंग द्या, ठिपक्यावर बोट ठेवलं की मूळ शब्द वाचता येऊ द्या.

पायरी ६: पर्याय मांडणं

सूचनांवरून दोन-तीन पर्याय तयार करा, आणि त्यात "काहीच बदलायचं नाही" हाही एक ठेवा. रस्त्यासाठी स्ट्रीटमिक्स हे २०१३ मध्ये निघालेलं साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रस्त्याचा आडवा छेद मांडायचा: फुटपाथ, झाडं, बसची मार्गिका, पार्किंग. एकूण रुंदी ठरलेली असते, त्यामुळे एक वाढवलं की दुसरं कमी करावंच लागतं. दोन चाकखुर्च्या समोरासमोर जायला साधारण १.८ मीटर लागतात, हे भाषणात ऐकणं वेगळं आणि ते १.८ मीटर कुठून आणायचे हे आपल्या बोटांनी शोधणं वेगळं. सभेत पडद्यावर लावा आणि माऊस लोकांच्या हातात द्या.

मोकळ्या जागेसाठी मुलांना हाताशी धरायचं असेल तर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग रचायचा संगणकी खेळ विचारात घ्या. संयुक्त राष्ट्रांचा यूएन-हॅबिटॅट विभाग आणि या खेळाची निर्माती मोजांग यांनी २०१२ मध्ये ब्लॉक बाय ब्लॉक हा उपक्रम सुरू केला. पहिला प्रयोग किबेरातच झाला. खेळातला एक ठोकळा म्हणजे एक मीटर, त्यामुळे माप आपोआप येतं.

चकचकीत त्रिमितीय चित्रांपासून सावध राहा. त्यात ऊन कायम कोवळं असतं, झाडं पहिल्याच दिवशी भरगच्च आणि वाहनं गायब. चित्र करायचंच तर काही अटी घाला: कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, सुमारे १.६ मीटर; झाडं लावल्या दिवशीची आणि दहा वर्षांनंतरची, अशी दोन चित्रं; एक दृश्य रात्रीचं; सगळ्या पर्यायांना एकच कोन आणि एकच उजेड. रेखाटन थोडं ओबडधोबड ठेवलेलं बरं. गुळगुळीत चित्र पाहिलं की लोकांना वाटतं, ठरलंय सगळं, आता आपण काय बोलणार.

वाहतुकीचं सिम्युलेशन करायला जर्मनीच्या अंतराळ संशोधन संस्थेत २००१ पासून घडत आलेलं सुमो हे मोफत साधन आहे. नवख्यांनी ते एकट्याने करू नये, असं मी म्हणेन. यंत्र गणित चोख करतं, पण किती गाड्या कुठून कुठे जातात हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं. कोणी सिम्युलेशन तुमच्यासमोर ठेवलं तर तीन गोष्टी विचारा: वाहनांचे आकडे कुठून आले, पायी चालणारे त्यात आहेत का, आणि रस्ता अरुंद झाल्यावर काही लोक वेळ किंवा वाट बदलतात हे धरलंय का.

पायरी ७: एकत्र बसून ठरवणं

ऑनलाइन चर्चा उघडी सोडली की दोन-चार जण भांडतात आणि बाकीचे निघून जातात. पोल-डॉट-इस या साधनाने यावर साधा तोडगा काढला: एकमेकांना उत्तर द्यायची सोयच नाही. एखादं विधान दिसतं, त्यावर सहमत, असहमत किंवा पुढे, एवढंच. हवं तर स्वतःचं नवं विधान मांडायचं. कोणाची मतं कोणाशी जुळतात यावरून संगणक गट पाडतो आणि सगळ्या गटांना मान्य असलेली विधानं वर काढतो. तैवानमध्ये २०१५ मध्ये उबरच्या नियमनाचा वाद अशाच चर्चेतून पुढे सरकला. तुमच्या रस्त्यासाठी सुरुवातीची वीसेक विधानं छाननीच्या तक्त्यातून, लोकांच्याच शब्दांत घ्या.

प्रत्यक्ष टेबलाभोवती बसण्याला मात्र पर्याय नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये २०१६ मध्ये निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी जागा शोधायच्या होत्या. तिथल्या हाफेनसिटी विद्यापीठाने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबचं सिटीस्कोप वापरलं: टेबलावर शहराचा नकाशा प्रकाशाने उमटवलेला आणि त्यावर लोकांनी ठोकळे ठेवायचे. ठोकळा ठेवला की त्या जागेची माहिती आणि किती माणसं मावतील हे तिथल्या तिथे दिसायचं. लोकांनी सुमारे १६० जागा सुचवल्या, त्यातल्या ४४ कायदेशीर तपासणीतून पार पडल्या आणि शेवटी १० निवडल्या गेल्या. तुमच्याकडे असं टेबल नसलं तरी छापलेला नकाशा, प्रमाणात कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे आणि शेजारी लॅपटॉपवर क्यूजीआयएस उघडून बसलेला एकजण एवढ्यात बरंच साधतं. कोणी तुकडा ठेवला की त्याने लगेच सांगायचं: इथून जलवाहिनी जाते, इथे फुटपाथ ९० सेंटिमीटर उरतो.

मतदान घेणार असाल तर ते सगळ्यात शेवटी, आणि नियम आधी जाहीर करून.

पायरी ८: उत्तर देणं

बार्सिलोनाने २०१६ मध्ये शहराच्या चार वर्षांच्या कृती-आराखड्यासाठी डेसिडिम हे मुक्त स्रोत व्यासपीठ उभं केलं. दहा हजारांहून जास्त प्रस्ताव आले आणि ते स्वीकारले की नाकारले हे कारणासह नोंदवलं गेलं. माद्रिदचं कॉन्सुल हेही याच जातीचं. मोठ्या संस्थेसाठी ही व्यासपीठं योग्य आहेत. ती चालवायला सर्व्हर आणि त्याकडे बघणारं माणूस लागतं. एका रस्त्यासाठी पायरी ५ चा तक्ताच पुरे. त्यातले शेवटचे रकाने भरा आणि, नावं-फोन वगळून, सगळ्यांना वाचता येईल असा प्रसिद्ध करा.

उत्तरं चारच प्रकारची असू द्या: घेतली, काही अंशी घेतली, नाकारली, आमच्या हातात नाही. शेवटच्या प्रकारात कोणाच्या हातात आहे आणि तिकडे पाठवली का, हेही लिहा. "विचाराधीन" हा पाचवा प्रकार कोणीतरी सुचवेल, घेऊ नका. कारण एका वाक्यात आणि ठोस हवं. "तांत्रिक अडचण" हे कारण नव्हे, "इथे झाड लावलं तर मुळं ४० सेंटिमीटर खालच्या वाहिनीवर येतात" हे कारण. आराखड्याच्या छापील नकाशावरही जिथे बदल केला तिथे क्रमांक छापा: हा उतार र-०४१, र-०७७ आणि र-११२ मुळे. माणसं सभेत आपला क्रमांक शोधतात, आणि नाकारला गेला असला तरी कारण वाचून प्रश्न विचारतात. पुढची चर्चा तिथून सुरू होते.

शेवटी सामान नीट बांधून ठेवा. नकाशे जिओपॅकेजमध्ये, तक्ता सीएसव्हीमध्ये, छापील आराखडा पीडीएफमध्ये, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारं एक साधं पान. नाव-फोनची फाइल जाहीर केलेल्या तारखेला पुसून टाका. वेबसाइटचं शुल्क पुढच्या वर्षी कोण भरणार हे ठरलेलं नसेल तर सगळ्याची एक प्रत सार्वजनिक वाचनालयात द्या. आणि काम पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी पायरी ३ चा तोच फॉर्म, त्याच ठिकाणी, त्याच तीन वेळांना पुन्हा भरा.